दुकानातली पांढरी मांडणी

नाही आबा, या बाबतीत तुमचं मी आजही ऐकणार नाही. लाकडाला मुद्दाम ओरखडे पाडायचे, साखळीने ठोकून खड्डे करायचे, नवीन फळी जन्मभर गोठ्यात पडून राहिल्यासारखी करायची, याला तुम्ही काम म्हटलंच नसतं, मला ठाऊक आहे. "हे सुताराचं नाही, उंदराचं काम," असं म्हणून तुम्ही विडी पेटवली असती. पण मग तुम्ही काय करत होता? चांगल्या सागाचं कपाट करायचे, रंधा मारून मारून काचेसारखं गुळगुळीत करायचे, आणि वर राखाडी ऑइलपेंट फासायचे. का, तर मुलीच्या लग्नात दिलेलं कपाट लोकांना लोखंडी वाटलं पाहिजे. गल्लीतल्या एका घरचं असं कपाट ट्रॅक्टरवर चढवलं तेव्हा बाया एकमेकींना सांगत होत्या, "लोखंडी दिलं बरं का, लोखंडी." आणि तुम्ही ओट्यावर बसून मिशीत हसत होता. म्हणजे तुम्ही लाकडाचं लोखंड केलं तर ती कारागिरी, आणि मी नव्याचं जुनं केलं तर ती लबाडी, हा कुठला न्याय? तुमच्या हयातीत हे विचारलं असतं तर चप्पल आली असती अंगावर. म्हणून आता विचारतो.

तुम्हाला माहीतच आहे, माझं बूड एका जागी टेकत नाही. नववीत शाळा सोडली, मग सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, नाशिकला गॅरेजात राहिलो, एक उन्हाळा तर रसवंतीवर काढला. इथे बंगळुरात मात्र टिकलोय. मलाच नवल वाटतं. कारखाना छोटाच आहे, एका मॅडमचा. लोक दुकानातून साध्या मांडण्या विकत आणतात, पांढऱ्या नाहीतर कॉफीच्या रंगाच्या, सगळ्या एका साच्यातल्या. आत सगळा दाबलेला बुरादा. मग त्यांना ते बघून कंटाळा येतो आणि ते आमच्याकडे येतात. आम्ही पॅकिंगच्या जुन्या फळ्या आणतो, पातळ कापून मांडणीला वरून जडवतो, तारेच्या ब्रशाने लाकडाच्या रेषा उघड्या करतो, साखळी मारतो. मग चहाचं काळं पाणी, त्यावर लोखंडाचा कीस भिजवलेलं व्हिनेगर. बघता बघता फळी काळपट, धुरकट होते, चुलीजवळच्या दारासारखी. एकदा एक गिऱ्हाईक फळीवरून बोट फिरवत मला विचारतो, "किती वर्षांचं असेल हे?" मी म्हटलं, "परवाचं." तो हसला आणि दुसरी मांडणी घेऊन आला. मला हे काम आवडतं आबा. बाकी काही म्हणा, हातून काहीतरी उतरतंय असं वाटतं.

तर या उन्हाळ्यात मी आखाजीला गावी गेलो होतो. मॅडमकडे सुट्टी मागताना मात्र अक्षय्य तृतीया म्हणावं लागलं. त्याच्या आधी मायने शिरपूरच्या दुकानातून मांडणी आणली होती. पांढरी, चकचकीत, पाच फळ्यांची. ही मांडणी तिला किती वर्षांपासून हवी होती हे मी तुम्हाला काय सांगू. "मी जिता शे तोवर दुकानातलं लाकूड या घरात येणार नाही," हे तुम्हीच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाला होता. हातात लाकूड तासायचा वाकस होता, आणि माय भाकरी थापत होती. तिने भाकरी जरा जोरात थापली. तुमची सागाची मांडणी भक्कम होती, कुणी नाही म्हणत नाही. पण शेजारणीकडे पांढरी होती. तुम्ही गेल्यावरही तिने घाई केली नाही. आधी अक्काचं लग्न, मग पत्रे बदलले, मग तुमच्या मांडणीच्या पाठीला वाळवी लागली, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. आता आखाजीला अक्का माहेरी येणार, गल्लीतल्या सगळ्या लेकी येणार, झोके बांधणार, घराघरात डोकावणार, आणि आपल्या स्वयंपाकघरात दुकानातली मांडणी उभी असणार. फोनवर तिने मला मांडणीचा फोटो पाठवला होता, स्टीलचे डबे उंचीप्रमाणे लावून.

मी काय केलं ते ऐका. माय अक्काला आणायला धुळ्याला गेली, दोन दिवस तिथेच राहणार होती. मला वाटलं, तिला चकित करू. बंगळुरातले लोक ज्याच्यासाठी रांग लावतात ते मायच्या घरी फुकट. भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या फळ्या आणल्या, अंगणात आडोसा करून कापल्या, मांडणीवर स्क्रू मारून बसवल्या. ब्रश मारला, साखळी मारली, चहा उकळला. शेवटी मागे सरकून पाहिलं तर आबा, काय सांगू, झकास झाली होती. मॅडमने बघितली असती तर लगेच फोटो काढला असता.

माय आणि अक्का दुपारच्या गाडीने आल्या. मायने डोक्यावरचा पदर मागे सारला, तांब्या घ्यायला आत गेली आणि दारातच थांबली.

"मन्ही मांडणी कथी गई?"

"हीच आहे माय."

ती जवळ गेली. एका खड्ड्यात बोट घातलं. "माय वं माय! हाई काय करी टाकं रे पोऱ्या? नवी कोरी व्हती ना ती!"

मी सांगायला लागलो, की शहरात हीच फॅशन आहे, लोक यासाठी जास्तीचे पैसे देतात. तेवढ्यात अक्का मागून म्हणते, "भाऊ, ही तर आबांच्या मांडणीसारखीच दिसते. मग ती मोडली कशाला?" आणि खो खो हसायला लागली. माय हसली नाही. चुलीपुढे बसली आणि हळूच म्हणाली, "आते बाया म्हनतीन, कोणाकडनी जुनी उचली आनी." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तुमच्यामुळे थांबली होती ती, आणि मांडणी आल्यावर मी तिची गोठ्यातली फळी करून ठेवली. आखाजी चार दिवसांवर होती. खालची पांढरी फळी स्क्रूंनी भोकं भोकं झाली होती, म्हणजे वरचं लाकूड काढून टाकायचीही सोय नव्हती.

मी ओट्यावर जाऊन बसलो, तुम्ही बसायचे तिथेच. आणि मला ते स्टूल आठवलं. मी लहान आहे, खिळा मारतोय, हातोडी घसरते आणि तयार झालेल्या स्टुलावर मोठा खड्डा पडतो. तुम्ही येता. मी मान आत घेतो. तुम्ही मारत नाही, नुसतं म्हणता, "हातोडीची खूण राहिली म्हणजे काम राहिलं." मग मायकडून कोळशाची इस्त्री मागवता, खड्ड्यावर ओलं फडकं ठेवता आणि वर इस्त्री टेकवता. फस्स करून वाफ निघते. फडकं उचलता तर खड्डा फुगून वर आलेला. मला ती जादूच वाटली होती. "मारलेलं लाकूड पाणी पिऊन वर येतं," तुम्ही म्हणाला होता, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलला नव्हता, ती शिक्षा वेगळी.

तर मी अक्काला म्हटलं, इस्त्री काढ. कोळशाची आता कुठली, विजेचीच. ती फडकी भिजवून देते, मी टेकवतो, आणि मी साखळीने मारलेले खड्डे एकेक करून वर येतात. अक्काची बडबड चालूच. "बंगळुरात खड्डे पाडायचे पैसे, इथे बुजवायचे पैसे. तुझं बरं आहे रे." पेटीतून तुमचा छोटा रंधा काढला, शिसवीचा, माझ्या मुठीच्या मापाने केलेला. मूठ आता मोठी झाली, तरी बसतो. सगळ्या फळ्या गुळगुळीत केल्या, गाठींवर लांबीची पुट्टी भरली, चहाचा डाग वर फुटू नये म्हणून आधी प्रायमर मारला, आणि त्यावर पांढरा ऑइलपेंट. दोन हात. वैशाखाचं ऊन, अंगणात उभं राहवत नव्हतं, पण रंग मात्र खडखडीत वाळला. हात चालताना मधेच माझ्या लक्षात आलं की तुम्ही सागावर राखाडी रंग लावायचे तसाच मी लाकडावर दुकान रंगवतोय. हसू आलं. मोठ्याने हसलो, तर माय आतून म्हणाली, "काय व्हयनं?" काही नाही म्हटलं.

एक मात्र राहिलं होतं. सगळ्यांत खालच्या फळीवर आखाजीला तुमच्या नावाची घागर ठेवायची होती, पाण्याने भरलेली, वर लोटी, डांगर, आंबे, सांजोरी. मातीची घागर पाझरते, आणि दाबलेला बुरादा पाणी प्याला की फुगून पोळीसारखा होतो. म्हणून ती फळी काढून टाकली आणि मागे पत्र्याखाली तुमच्या अर्धवट राहिलेल्या बैलगाडीच्या बाभळीच्या फळ्या होत्या, त्यातली एक मापाने कापून बसवली. तिच्यावर तुम्ही वाकसाने तासल्याच्या खुणा आहेत, ते तास, माशाच्या खवल्यांसारखे, एकापुढे एक. मी साखळी आपटून जे आणायला बघतो, ते त्या फळीवर आपोआप पडलेलं. तुम्ही तर ते रंधा मारायच्या आधीचं कच्चं काम म्हणून सोडलं होतं. मी ब्रश बुडवून तिलाही पांढरं करायला गेलो तर मायने हात धरला.

"तठे नको लावू."

"बाया विचारतील ना."

"इचारू दे. तुन्हा आबास्नी घागर शे, त्यास्नीच फळीवर ऱ्हाऊ दे."

आखाजीला बाया आल्या. झोक्यावरून उतरून घामाघूम होऊन पाणी प्यायला आत शिरल्या, आणि मांडणीसमोर उभ्या राहिल्या. माय डबे पुसण्याचं निमित्त करून तिथेच. एकीने विचारलं, "कथाईन आनी वं?" माय म्हणाली, "शिरपूरहून. दुकानातली शे." मी आणि अक्काने एकमेकांकडे पाहिलंच नाही. खाली घागर पाझरत होती, तुमच्या फळीवर ओला गोल उमटला होता, आणि तिने तो पुसला नाही.

इकडे परत आलो आबा, आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. आता मी साखळी फारशी वापरत नाही. तुमच्या त्या फळीचा फोटो मोबाइलमध्ये समोर ठेवतो आणि वाकसाने हलके तास काढत जातो. अजून तुमच्यासारखे एका ओळीत पडत नाहीत. मॅडम खूश आहेत, विचारतात कुठे शिकलास. मी सांगतो, आमच्याकडे असंच करतात. तुमचं नाव घेत नाही. घेतलं तर तुम्ही जिंकलात असं होईल.

काल मायचा फोन होता. समोरच्या भिंतीला दुसरी मांडणी हवी म्हणते, तशीच, पांढरी. "पन तू हात लावू नको हां." मी बरं म्हटलं. बाभळीची दुसरी फळी मी निघतानाच मापाने कापून कोठीमागे उभी केली आहे, हे तिला अजून सांगितलं नाही. हे पत्र माझ्या ट्रंकेत, तुमच्या पेटीतून सोबत आणलेल्या छोट्या रंध्याशेजारी ठेवीन, त्याला दुसरी जागा नाही. आणि मायला, मांडणीचे आणि टेम्पोच्या भाड्याचे मिळून, बेचाळीसशे रुपये पाठवतोय.