कणकेचे दोन गोळे

५ जानेवारी, मयूर विहार
श्रीरंगा, वही उघडायला इतका उशीर झाला, रागावू नकोस. तू आणि संपदा त्या बर्फातल्या पोस्टिंगवर, फोन लागत नाही, म्हणून रोजचं लिहून ठेवा म्हणालास. पण घराची सवय होईपर्यंत आठवडा गेला. घर झकास आहे. गॅलरीत ऊन येतं. अक्षता दिवसभर फिजिक्स करते. परीक्षा तोंडावर आली आणि टकरींचा धडा कच्चा आहे म्हणते. मी सातवी पास, तरी मलाच समोर बसवून शिकवते. गोट्या धडकून दूर जातात. मऊ वस्तू चिकटतात, मग दोन्ही मिळून हळू चालतात. मी तिला कणकेचे दोन गोळे वळून दिले, छान गुळगुळीत. आजोबा, एकदम परफेक्ट, आता तुम्हालाही आयआयटीला बसवू यार, म्हणून हसली. नंतर गोळे फ्रिजमध्ये ठेवले. अन्न टाकवत नाही.

७ जानेवारी
शेजारच्या वासंतीबाई विरजण मागायला आल्या. मी फ्रिज उघडला तशा मागे सरल्या. उरलेल्या कणकेवर बोटं उमटवायची असतात, एवढंही घरात कुणी शिकवलं नाही का, म्हणाल्या. गुळगुळीत गोळा म्हणजे पिंड. ज्याला कुणी घालत नाही, तो त्यात येऊन बसतो. मी घाबरून गोळे कचऱ्यात टाकले. गोळ्यांना घाम सुटला होता. वास कुजक्या जखमेच्या पट्टीसारखा.

९ जानेवारी
गोळा सिलिंडरमागे सापडला. दोनाचा एक झालाय. राखाडी, चिकट. केस, झुरळाचे पंख, कुणाचं तरी नख. कागदात धरून उचलला तर कोमट लागला. बोट आत रुतलं आणि आतून ते चोखलं गेलं. तिथेच ओकलो. खाली कचराकुंडीत टाकून आलो. साबणाने घासूनही बोटाचा वास जात नाही. जेवण उतरत नाही.

१० जानेवारी
परत आला. भर दुपारी हॉलमधून घरंगळत. गॅलरीतल्या कबुतराला धडकला — कबुतर सुटलं नाही. चोच तेवढी बाहेर, उघडमीट करते. चिकटलं की वेग कमी होतो, घाबरू नका, अक्षता म्हणाली. मी आत्ताच निघू म्हणालो, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात खोली मिळेल. तिची उद्या सकाळी ऑनलाइन टेस्ट. ती झाली की चलो, म्हणाली. मी ऐकलं.

११ जानेवारी, सकाळ
ती कानाला हेडफोन लावून बसलेली. मी बॅग भरत होतो. हळूच आला — खुर्ची आडवी घातली, खुर्चीसकट आला — तिच्या हाताला — मनगटापर्यंत —

दुपार
ओढलं की तिची कातडी लांबते, दुधावरच्या सायीसारखी. वासंतीबाई दारातून बघून डॉक्टर आणते म्हणाल्या, आल्या नाहीत. दवाखान्यात फोन केला, थट्टा समजले. बोटं विरघळताहेत आजोबा, पण दुखत नाही, म्हणते — दुखत नाही, तेच —

कोपर गेलं. सुरी धुऊन आणली आहे. उजवा हात आहे रे, पोरीची परीक्षा — तू बाप, मी कसं ठरवू — संपदाला विचार — लवकर कळव, श्रीरंगा, खांद्यापासून कापू की —