दोन आचारी, एक तारीख आणि संगणकाची भाषा

कामशेत, सोमवार

ती. दाजी यांना,

हौशीरामचा पाया पडून नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल. डॉक्टरांनी तुम्हाला दर तासाला खुर्चीतून उठायला सांगितलंय आणि तुम्ही दर तासाला उठून चहाच घेता, असं ताईकडून कळलं. इकडे आम्ही खुशाल. पत्र पाहून दचकू नका. फोन केला की तुम्ही ‘मीटिंगमध्ये आहे’ असं इतक्या हळू सांगता, की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. म्हणून म्हटलं, कागदच बरा.

विचारायचं असं, की ऑफिसच्या सॉफ्टवेअरला आपल्या कामाचं एखादं बटण जोडायचं, तर ते कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहावं? (हसू नका. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला लग्नाच्या तारखा सांभाळाव्या लागतात आणि त्या आजकाल संगणकात राहतात.)

झालं काय, आमच्या कार्यालयाच्या तारखा एकाच शीटमध्ये लिहितात. कामशेतला मी, आणि लोणावळ्याच्या बुकिंगच्या गाळ्यात सविता मॅडम, त्या इंटरनेटवर, ब्राउझरमधून. औंढ्याच्या नंदाबाईंच्या मुलीचं लग्न मी सात मेला धरलं आणि ७/५ असं टाकलं. माझा संगणक अमेरिकेच्या चालीने महिना आधी वाचणारा. त्याने पाच जुलै समजून लग्न भर पावसात नेऊन ठेवलं. सात मे मोकळा दिसला, तो सविता मॅडमनी भाजे गावच्या एका मुलाच्या लग्नाला दिला. लग्नाच्या चार दिवस आधी दोन्हीकडचे आचारी एकाच वेळी भट्टीची जागा बघायला आले. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आपल्या हाताखालचा. एकमेकांना कांदे चिरायला सांगेपर्यंत मजेत चाललं होतं.

मग नंदाबाई आल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या समोर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “भाऊ, पत्रिका वाटून झाल्यात. आता पावन्यांना काय सांगू, संगणक चुकला म्हून?” दाजी, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेवटी भाज्याच्या मंडळींच्या हातापाया पडलो. त्यांनी सकाळचा मुहूर्त घेतला, नंदाबाईंनी गोरज. दोन्ही लग्नं एकाच फुलांत लागली आणि दोन्ही आचारी शेवटी एकाच पाटावर बसून जिलबी खात होते. पण मालक बाजीराव अण्णांनी मला बाजूला घेतलं. “पुन्यांदा असं झालं, तर तू घरी.”

म्हणून आम्ही ठरवलं (आम्ही म्हणजे मी, आणि मांडववाल्या अब्दुलभाईंची उमेरा, ती संगणकाचं शिकून घरीच आहे, टायपिंगला मदत करते), की शीटमध्येच एक बटण हवं. दाबलं की तारीख तपासेल, आधीच गेलेली असेल तर लाल होईल. आधी आम्ही ते व्हीबीएमध्ये लिहिलं. जुनी भाषा, गरीब गाय, शीटच्या पोटातच राहते. माझ्या मशीनवर झकास चाललं. सविता मॅडमच्या ब्राउझरमध्ये मात्र बटण रुसलेल्या व्याह्यासारखं नुसतं बसून राहिलं. मग सी शार्प काढलं. नाव ऐकून सनईवाले कोंडाजी आबा दारातूनच म्हणाले, “म्हंजी काळी एक! त्या पट्टीत लय ग्वाड वाजतं.” वाजलंही गोड, पण फक्त विंडोजवर. अण्णांना त्यांच्या मुलीने मॅक दिलाय, तिथे ते शिरेना. शेवटी जावास्क्रिप्ट. तिच्यातलं बटण म्हणजे शीटच्या कडेला उघडणारं एक छोटंसं वेबपान, त्यामुळे तिन्ही घरी सुखाने नांदतं. पहिल्या दिवशी जरा हात लागला आणि वर्षभराच्या सगळ्याच तारखा लाल झाल्या. सविता मॅडमनी दिवसभर लोकांना परत पाठवलं. लोणावळ्यात आमच्या कार्यालयाचा दबदबा एकदम वाढला.

गेल्या गुरुवारी अण्णा फोनवर एकाला “व्हय, दिली तारीख” म्हणणार, इतक्यात त्यांनी सहज बटण दाबलं. लाल! ती तारीख कार्ल्याच्या एका मुलीला दिलेली होती. अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि सत्काराची एक शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. “हौशीराम, लय शिकलास रं!” मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

तर भाषा कुठली घ्यावी, याबद्दल आपलं मत जरूर कळवा. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
हौशीराम

ता.क. मत नाही कळवलंत तरी चालेल. बटण चालू आहे.

आणखी ता.क. तुमच्या पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत जागा निघाल्यात म्हणे. माझ्यासाठी नव्हे. अब्दुलभाई म्हणतात, “पोरीला पुन्याला धाडतो, पन तितल्या जानत्या मान्सानं सोताहून बोलवाय पायजे.” तेवढा एक फोन त्यांना करा. नंबर मागच्या बाजूला आहे. खरं तर पत्र त्यासाठीच.

शेवटचं. तिची मुलाखत घ्याल तेव्हा घोटाळा नको: वर बटणाच्या कामात जिथे जिथे ‘आम्ही’ आलंय, तिथे ‘उमेरा’ वाचावं. (सगळ्या तारखा लाल झाल्या, तिथे मी.) अण्णांना हे उद्या सकाळी सांगणार आहे. शरमेने सांगतोय असं नाही. ती गेल्यावर बटण बिघडलं, तर ते मलाच दुरुस्त करायला सांगतील.