अंबाडीच्या फुलाचं दार

मंगळवार, १४ ऑक्टोबर. शिरपूर

परवा नवऱ्यानं आमचं दार तपकिरी करून टाकलं. पिवळ्यावर मळ लय दिसते, म्हणे. शेताच्या धुऱ्यावरचं अंबाडीचं फूल पाहून मागच्या दिवाळीले मीच रंगवलं होतं ते. फिक्कट पिवळं, मधात गर्द लाल ठिपका.

आज संध्याकाळी त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "पाह्य, लोकायची नजर पाह्य! तुले सुचते काय असं?"

फोटोत पिवळं दार. मधात तोच लाल ठिपका, अन् कडीजवळ माझ्या बोटाचा ठसा. आमच्या घरापुढून मंदिराकडे जाणाऱ्या कोणी यात्रेकरूनं काढून फेसबुकावर टाकला असंन.

सांगावं काय? पण कायले? वर्षभर हा माणूस त्याच दारातून घरात येत होता.

"लय चांगलं हाय," म्हटलं, अन् ताट वाढलं.