ढाबळीचे झरोके

प्रिय फूटपट्टी,

या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली, मोजायला गेलो तर हाताची बोटं पुरायची नाहीत. आता तू विमा कंपनीत मोठ्या टेबलामागे बसतेस. पण मला दिसते ती खिशात टेप घेऊन फिरणारी, मामीच्या पातेल्याचाही व्यास मोजणारी भाची. मामीचे गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी आहे. माझं सुतारकाम खुर्चीत बसून सल्ले देण्यापुरतं उरलंय, आणि फुकटचा सल्ला कोण ऐकतो? तर तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचल्यावर तू मला मामा म्हणशील की नाही, या काळजीनं चार दिवस पेन हातात घेऊन नुसता बसलोय.

कबुतरांची ढाबळ अजून उभी आहे. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, तू खडूनं चौकोन आखला होतास तिथेच. तिच्याआधीची माझी ढाबळ म्हणजे मोडक्या कपाटांना कपाटं ठोकून केलेलं प्रकरण. पक्षी तीनशे किलोमीटर उडून सगळ्यांच्या आधी यायचा आणि छपरावर बसून निवांत पिसं साफ करायचा. कबुतरांची शर्यत संपते ती पक्षी आत शिरून त्याच्या पायातली कडी वेळ नोंदवणाऱ्या घड्याळात पडली की. छपरावर बसलेल्याला कोण विचारतो. मी खाली दाण्यांचा डबा खुळखुळवत आधी लाडीगोडी लावायचो, मग शिव्या द्यायचो, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी पक्षी नंबर घेऊन मोकळा व्हायचा. कबुतरांच्या क्लबातले लोक म्हणायचे, मिस्त्री, तुमच्या पाखरांना तुमचं घर आवडत नाही. ते खरंच होतं.

तू तेव्हा घरांचे नकाशे काढायला शिकत होतीस, दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत आलीस आणि दोन दिवस नुसती कबुतरं बघत बसलीस. मामीला वाटलं, पोरीचं काहीतरी बिनसलं. तिसऱ्या दिवशी तू नकाशा माझ्यापुढे ठेवलास. पुढे जाळीची गॅलरी, म्हणजे पक्ष्यांना ऊन मिळेल आणि भोवतालची गच्ची, झाडं, तारा ओळखीच्या होतील. गॅलरीला लागून उतरायची फळी, आणि फळीच्या टोकाला लोंबत्या तारांची झडप. डोक्यानं ढकलून आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. दमून आलेल्याला जाळीतून आपले सोबती दाणे टिपताना दिसले की तो छपराकडे बघणारही नाही, असं तू सांगितलंस. मग छपराखाली झरोक्यांची एक ओळ, जमिनीलगत दुसरी. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतंस, कितीही थंडी पडली तरी झरोके उघडेच ठेवायचे. मी ते वाचून हसलो होतो.

पहिल्याच शर्यतीत तुझी लाडकी ठिपकी थेट फळीवर उतरली आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत आत जाऊन दाणे खायला लागली. ओळीनं तीन शर्यती मारल्या आपण. जो तो विचारायचा, नकाशा कुणाचा, आणि मी छाती फुगवून सांगायचो, माझ्या भाचीचा. जिंकताना तुझं नाव घ्यायला मला कधी जड गेलं नाही बघ.

मग थंडी आली. क्लबातल्या एका जाणत्यानं सांगितलं, गारठ्यानं शर्यतीचा पक्षी कामातून जातो. तुला विचारायला हवं होतं, एक फोन तर करायचा होता. पण तीस वर्षं रंधा मारलेल्या माणसानं एकोणीस वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? मी आतून फळ्या ठोकून दोन्ही ओळी बंद केल्या. चारसहा दिवसांत आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरायला लागले, तरी मला वाटलं, उबेचा वास आहे. पक्ष्यांना घरघर लागली. चोची उघड्या टाकून, मान ताणून बसायचे बिचारे. जनावरांचे डॉक्टर आले, दारातच थांबले आणि एकच म्हणाले, इथे वारा कुठून येतो? तोवर अकरा पक्षी गेले होते. त्यात ठिपकी होती.

तू कळल्या कळल्या निघालीस. तू पोचायच्या आधी, सकाळी, मी फळ्या उपटल्या. खिळ्यांच्या भोकांत पुट्टी भरून वर रंगाचा हात मारला. सुताराला खुणा लपवायला शिकवावं लागत नाही. मामीनं ते पाहिलं. त्यानंतर ती गच्चीवर कधी आली नाही. तू आलीस, झरोक्यांना हात लावून उभी राहिलीस आणि विचारलंस, मामा, हे उघडेच होते ना? मी म्हणालो, हो. तू म्हणालीस, मग मीच लहान काढले. आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, जाऊ दे गं, माणूस चुकतच शिकतो. माझ्या हातानं मेलेल्या पाखरांसाठी मी तुला माफ केलं. क्लबात लोक म्हणाले, पोरीच्या कागदावर बांधलं की असंच व्हायचं, तेव्हा मी मान डोलावली. वर्ष संपताना तू कॉलेज सोडलंस. सगळ्यांना वाटलं, गोडी संपली असेल. मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

गेल्या गुरुवारी ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला. तुम्ही जागा घेतलीत, जावई म्हणाले घराचा नकाशा तूच काढ, तर तू म्हणे हात जोडलेस आणि म्हणालीस, माझ्या नकाशात जीव गुदमरतात, माणसांच्या वाटेला नको. ताई हसत हसत सांगत होती, तिला बिचारीला काय माहीत. मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तुझे झरोके पुरेसे होते, बाळा. गेले अकरा हिवाळे ते रात्रंदिवस उघडे आहेत आणि त्या रोगानं एक पक्षी दगावलेला नाही. रविवारी क्लबात उभं राहून सगळं सांगितलं. ताईला सांगायचंय, पण आधी तुला. तू रागावशील, बोलणं टाकशील, ते मी घेईन. फक्त तेव्हा तुला दिलेली माफी मला परत दे. ती तुझी नव्हतीच.

तू म्हणशील तर तुझाच,
मामा