वेदीवरचं कापड

सोमवार, ४ मार्च

आज नव्या घरात आलो. मुलाची बदली झाली ती नेमकी माझ्या जन्मगावी, त्यामुळे त्याच्याआधी मीच सामान बांधून बसले होते. घर झकास आहे. पुढे एक खोली, मागे दोन, आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडते. अंगण नावाला, सगळं फरशीबंद. आमचे चिरंजीव उत्साही, आल्या आल्या पहार घेऊन खिडकीखालच्या दोन फरश्या उचकटल्या, पुदिना लावायला. घरमालक किल्ली द्यायला आला तो ती उघडी माती बघून असा चेहरा करून गेला, जणू आम्ही त्याचाच दात उपटला होता.

हे सगळं सूनबाई लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, बोलता मात्र येतं, आणि त्याचा त्रास तिला ठाऊक आहे. तिचं म्हणणं, आई, रोज थोडं थोडं सांगा, माझा हातही माणसाचाच आहे.

लिहायचं कारण एकच. माझी थोरली ताई इथल्या चर्चच्या आवारात पुरलेली आहे. मी अगदी लहान असताना ती तापाने गेली, असं आई सांगायची. त्यानंतर लगेच आम्ही गाव सोडलं. मरायच्या आधी त्या जागेवर एकदा हात टेकवायचा आहे मला. माझ्यामागे ताईचं नाव काढणारं कुणी उरणार नाही, म्हणून ही वही.

आणि एक काम आहे. आई त्या चर्चची कापडं धुवायची. वेदीवरच्या कापडाला पवित्र भाकरीचे कण लागलेले असतात, म्हणून त्याचं पहिलं पाणी मोरीत जाता कामा नये, चर्चच्याच मातीत ओतायचं, असा नेम. तसलं एक कापड आमच्याकडेच राहून गेलं. ते माझ्या ट्रंकेत आहे. परत देऊन टाकीन. एवढं मोठं घंटेचं चर्च, उद्या कुणालाही विचारलं तर बोट दाखवील.

बुधवार, ६ मार्च

बोट कुणी दाखवलं नाही. रिक्षावाल्याला विचारलं, तो म्हणाला असलं काही नाही. बेकरीवाला म्हणाला, आजी, गाव चुकलात. जन्म माझा आणि गाव चुकलं म्हणे.

मग सूनबाईला घेऊन नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबाने आधी जेवण संपवलं, मग हात पुसले, मग नकाशा उलगडला आणि म्हणाला, इथे चर्च नव्हतंच. मी त्याला सांगितलं की बाबा, ज्या नदीवर आई धुणं धुवायची ती नदी आहे, जो चढ चढून ओल्या कापडांची मोट ती कमरेवर न्यायची तो चढही आहे, मग वरचं चर्च काय कावळ्याने नेलं? तो म्हणाला, अर्ज करा.

तो चढ मी माझ्या पायांनी चढून पाहिला. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. वर नुसता चौक आहे, दगडी फरसबंदी, एक बाकडंसुद्धा नाही. पोरं खेळत नाहीत की कुत्रं बसत नाही.

शनिवार, ९ मार्च

गावाबाहेर एक नवं चर्च आहे, पत्र्याचं. तिथले फादर तरुण, गोड बोलतात, उपयोग शून्य. म्हणाले, जुन्या चर्चबद्दल मला काही सांगितलेलं नाही. कुणी नाही सांगितलं? असं विचारलं तर म्हणाले, कुणीच. हसून बोलले, पण मला फाटकापर्यंत पोचवायला आले ते मी खरंच जाते आहे ना, हे बघायला.

परतताना सूनबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली. या गावात कुठे माती नाही. अंगणं, गल्ल्या, शाळेचं मैदान, सगळीकडे दगड नाहीतर सिमेंट. कुणाच्या दारात कुंडीसुद्धा नाही. तिला ते विचित्र वाटलं. मी म्हटलं, आळशी गाव, झाडायला सोपं.

संताप संताप झाला आहे. मेलेल्या बहिणीची जागा विचारते आहे, कुणाची जमीन नाही मागत.

बुधवार, १३ मार्च

आज घरात बसून चिडण्यापेक्षा कामाला लागले. ट्रंकेतलं कापड काढलं, कुबट वास मारत होतं. असं घाणेरडं परत कसं द्यायचं, म्हणून परातीत भिजवलं. चोळताना आठवलं, आयुष्यभर गावचे कपडे धुणाऱ्या आईने हे एक कापड गाव सोडल्यावर कधी धुतलं नाही. मी हात लावला तर हातावर चापट मारायची. मला वाटायचं, बाईला कंटाळा.

पहिलं पाणी मोरीत ओतवेना. चर्च तर सापडत नाही. शेवटी मुलाने उघडलेल्या त्या मातीतच ओतलं. माती ती माती.

पाणी असं शोषलं गेलं, जणू खाली कुणी तोंड लावून बसलं होतं.

रविवार, १७ मार्च

खिडकीखालची ओल वाळत नाही. उलट भिंतीवर चढते आहे. स्वयंपाकघरात विझलेल्या मेणबत्त्यांचा वास येतो. मुलगा म्हणतो, पाइप फुटला. प्लंबर आला, भिंतीला कान लावला, आणि हत्यारांची पिशवी इथेच टाकून निघून गेला. फोनही उचलत नाही.

मग मी कोपऱ्यावरच्या घड्याळजींना गाठलं. घड्याळं दुरुस्त करणारा माझ्याच वयाचा माणूस, आठ दिवस मला बघून शटर ओढत होता. आज मी शटरच्या आत जाऊन बसले. म्हटलं, आता ओढा.

हातातलं घड्याळ खाली ठेवून बोलले. चर्च पडलं नाही, जळलं नाही. सकाळच्या प्रार्थनेला माणसं आत गेली. त्यांचे वडील आत होते. माझी ताई गाणाऱ्या मुलींत होती. वेदीवरचं कापड धुऊन यायचं होतं, त्याच्यावाचून अडलं होतं, म्हणून सगळे थांबले होते. आई नदीवरून कापड घेऊन चढ चढून आली तेव्हा वर नुसती माती होती. सपाट. पुढे त्या मातीतून, मग गावातल्या सगळ्याच मातीतून गाणं ऐकू यायला लागलं, म्हणून गावाने सगळीकडे दगड घातले.

म्हणजे ताप नव्हताच. कबरही नाही.

मी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंत. ते म्हणाले, तुमच्याकडे कापड आहे का, एवढंच सांगा. असेल तर धुऊ नका.

मंगळवार, १९ मार्च

घरमालकाने सकाळीच फरश्या आणल्या होत्या. मातीवर ठेवल्या. दुपारी बघते तर खाली गेलेल्या. फुटल्या नाहीत, बुडाल्या.

भिंतीतून गाणं येतं. मुली गातात. एक आवाज वरच्या सुराला घसरतो, मग हसू दाबतो. आई त्यावरून ताईला रागवायची. मी ओळखला.

सूनबाईलाही ऐकू येतं. ती भाजी चिरायची थांबली आणि तेच गुणगुणायला लागली. तिला ते गाणं कुणी शिकवलेलं नाही. मी तिच्या हातातून सुरी घेतली.

बुधवार, २० मार्च

मुलाला म्हटलं, घर सोडू. तो म्हणाला, बदली काय रोज होते का. आणि ओलीला कोण घाबरतं. त्याला काही ऐकू येत नाही. कामावर गेला.

सूनबाई पहाटेपासून भिंतीशी गुडघे टेकून — तीनदा उठवली. म्हणते, आई, मला बसल्याचं आठवतच नाही.

तिला ओढतात ते माझ्यामुळे. पाणी मी ओतलं. त्यांना कापड हवं आहे. देऊन टाकते. प्रार्थना एकदाची होऊन जाऊ दे, माणसं घरी जाऊ देत. ताईही.

गुरुवार, २१ मार्च, दुपार

अंगणाच्या बाजूने, खिडकीखालच्या भिंतीत दार आहे. लाकडी, ओलं. मी आत जाते आहे. सूनबाईला बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे बसवलं आहे. मी बोलेन ते तिने लिहायचं, हात कामात असला की ती गुणगुणत नाही. शिवाय मुलाला पुरावा लागतो.

आत थंड आहे. बाकं भरलेली. कुणी मागे वळत नाही. बूट सगळ्यांचे मातीचे —

ताई. वेण्या तशाच. माझी नात शोभेल एवढी दिसते. मला म्हणाली, किती उशीर केलास गं. तिला वाटतं मी आई आहे.

कापड दिलं. दोघी मिळून अंथरलं. कोपरे ओढून सरळ केले, आई करायची तसे. म्हटलं, आता प्रार्थना संपेल ना, चल घरी. ती म्हणते, संपेल कशी, आत्ता तर सुरू होते आहे —

सगळे उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणतं, दार लावून घ्या. एक जण बाहेर राहिली आहे, तिलाही —

नाही. ती आमची सून आहे, तुमच्यातली — सूनबाई, हे लिहू नकोस, ऊठ, त्या ओल्या मातीवरून पाय काढ, मी हात धरून दार — पाय काढ गं, तुझे गुडघे बुडायला