राईस मिलमधलं जहाज

११ नोव्हेंबर, अर्जुनी मोरगाव

पोचले एकदाची! कोहमाऱ्याला गाडी बदलली. तिथल्या धाब्यावर इतका कडक चहा मिळाला की पुढचा सगळा रस्ता खिडकीला नाक लावून जागी राहिले. दोन्हीकडे कापलेलं धान, मधेच एखादं तळं, तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडणाऱ्या बाया. नागपुरात पाच वर्षं कॉल सेंटरच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, पण खिडकीतून असं काही दिसलं नव्हतं.

नोकरी ऐकून मैत्रिणी हसल्या होत्या. धानाच्या मुलखात बसून जहाजावरचं इंग्रजी शिकवणार म्हणे! पण देवानंद सरांनी फोनवर नीट समजावलं होतं. ते स्वतः जहाजावर इंजिनिअर होते, रिटायर होऊन गावी आले. इकडची आयटीआय झालेली मुलं फिटर, ऑइलर म्हणून जहाजाच्या इंजिन रूममध्ये लागतात. हात हुशार, पण वरचा साहेब फिलिपिन्सचा नाहीतर युक्रेनचा, आणि मधली भाषा इंग्रजी. तिथे मुलं अडकतात.

खोली केशोराव आणि अनुसयाबाईंच्या घरी मिळाली. त्यांची धानाची शेती आहे, शिवाय खताचं लहानसं दुकान. मी डब्याची चौकशी केली तर अनुसयाबाई रागावल्याच. "काऊन? आमच्या घरी चूल नाई का?" म्हणाल्या, आणि समोर लाखोळीच्या डाळीचं वरण नि गरम भात ठेवला. नागपुरात आई वारली, तेव्हापासून मला असं समोर बसून कोणी वाढलं नव्हतं. दोनदा भात घेतला.

भिंतीवर नारिंगी बॉयलर सूट घातलेल्या तरण्या मुलाचा फोटो आहे, हार घातलेला. त्यांचा एकुलता एक, हेमेंद्र. जहाजावर गेला, धुरात गुदमरून वारला, असं केशोरावांनी सरळ सांगितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

१३ नोव्हेंबर

वर्ग भरतो सरांच्या भावाच्या बंद पडलेल्या राईस मिलमध्ये. मला वाटलं जागा स्वस्त पडली असेल. पण सरांनी एक मोटर चालू करून दाखवली आणि मी कानावर हात ठेवले. इंजिन रूम याहून मोठ्याने ओरडते, म्हणाले. या गोंगाटात ऐकायला शिकले तर तिथे टिकतील.

ऑफिसच्या खोलीत मी वॉकीटॉकीचा हँडसेट घेऊन बसते. ती आमची कंट्रोल रूम. मुलं दुसरा घेऊन आत मशीनपाशी जातात, ती इंजिन रूम. मी हुकूम द्यायचा, त्यांनी तोच शब्दन् शब्द परत म्हणायचा. समजला नाही तर तसं सांगायचं. हीच खरी गोम आहे. समजो न समजो, सगळे "येस म्याडम" म्हणून मोकळे होतात. त्यातला कवडू सगळ्यात जास्त. तिशीचा, लग्न झालेला, लेकीचा फोटो मोबाइलवर लावलेला. मी इंग्रजीत म्हटलं, पंप बंद कर. तो म्हणाला "येस म्याडम" आणि पंप चालू केला. सगळे पोट धरून हसले, तोही हसला.

सर मात्र हसले नाहीत. बाहेर जाऊन उभे राहिले.

१९ नोव्हेंबर

मोटर चालू ठेवून पहिला सराव. कवडू आत होता. मी म्हटलं, वाल्व हळू उघड. त्याने शब्दन् शब्द परत म्हटलं, छान म्हटलं. आणि त्याच्या मागोमाग, जरा लांबून, आणखी एक आवाज आला. "येस सर."

मला सगळे मॅडम म्हणतात. सर कोण म्हणेल? मी सगळ्यांना बाहेर बोलावलं, कोणी गंमत केली ते विचारलं. कवडूसोबत आत कोणीच नव्हतं. तिसरा हँडसेट सरांच्या टेबलावर, बंद. सर म्हणाले, आजूबाजूच्या कोणाच्या तरी सेटचा आवाज पकडला असेल. असेल. पण आवाज फार आज्ञाधारक होता. शाळेतल्या हजेरीसारखा.

२२ नोव्हेंबर

पुन्हा आला. आता रोजच येतो. मी काहीही सांगितलं तरी "येस सर". मराठीत बोलले तर गप्प. इंग्रजीत एक शब्द गेला की लगेच हजर.

आणखी एक. मिलच्या मागच्या भागात एक खोल खड्डा आहे. पूर्वी धान त्यात ओतायचे, तिथून पट्टा ते वर ओढायचा. वरून जुना भुसा पडत राहतो, म्हणून तो नेहमी भरलेला दिसायचा. दोन दिवस झाले, सकाळी पाहावं तर खड्ड्याचा तळ लख्ख. कोपरेसुद्धा पुसलेले. चौकीदार कोणी नाही, किल्ली सरांकडे. मुलांना विचारलं. कोणी खाली उतरलं नाही म्हणतात.

सरांना खड्डा दाखवला तर ते तिथेच धान मोजायच्या काट्यावर मटकन बसले.

२३ नोव्हेंबर

आज सरांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

हेमेंद्र त्यांचा पहिला विद्यार्थी. मशीन त्याला हाताच्या रेषांसारखी पाठ होती. इंग्रजी जहाजावर गेल्यावर येईल, असं सरांना वाटलं. त्या दिवशी इंजिन रूममध्ये वरच्या मजल्यावर आग लागली. हेमेंद्र सगळ्यात खाली होता, त्याला आग दिसली नाही. अशा वेळी माणसं बाहेर काढून, दारं लावून आत एक वायू सोडतात. त्याने आगीचा श्वास कोंडतो. माणसाचाही कोंडतो. साहेबाने फोनवर हुकूम दिला, "क्लिअर द बॉटम प्लॅटफॉर्म." म्हणजे खालचा मजला सोड, बाहेर ये.

हेमेंद्र म्हणाला, येस सर.

हो म्हणाला म्हणजे समजला, असं साहेबाने धरलं. त्या धावपळीत डोकी मोजण्यात चूक झाली. दारं लागली, वायू सुटला.

क्लिअर म्हणजे आपल्याकडे साफ करणं. सापडला तेव्हा त्याच्या हातात फडकं होतं, शेजारी बादली. बरोबरच्या एका फिटरने सरांना हे कळवलं. घरच्यांना सर अजून सांगू शकलेले नाहीत. हा इंग्रजीचा वर्ग त्यांनी त्यानंतर उघडला.

संध्याकाळी अनुसयाबाईंनी भाजी वाढली. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

२६ नोव्हेंबर

कोणीतरी त्या आवाजाचं अनुसयाबाईंच्या कानावर घातलंच. बहुतेक कवडूच्या बायकोने. दुपारी त्या चपला हातात घेऊन मिलमध्ये आल्या, देवळात यावं तशा. मोटर चालू होती. त्यांनी हँडसेटकडे बोट दाखवलं.

मी काय करायला हवं होतं? मी इंग्रजीत म्हटलं, ऐकतोस का?

"येस सर."

त्या पोत्यावर बसल्या. पदर तोंडात धरला. मग हँडसेटला दोन्ही हातांनी धरून बोलत सुटल्या. हेमू, बापा, मी आई होय. जेवला का? बोल नं. उत्तर नाही. पुन्हा, पुन्हा. उत्तर नाही. शेवटी माझ्याकडे वळल्या. "मायची बोली समजून नाई राह्यली त्याले. तुमची समजते. मले शिकवा बाई."

२८ नोव्हेंबर

शिकवते आहे. सर नको म्हणाले, केशोरावांनी तर हात जोडले. पण त्या चुलीपुढे बसून "कम अप, कम अप" घोकतात, आणि भाकरी करपते. वर ये, एवढंच त्यांना म्हणायचं आहे. एवढं कसं नाही शिकवायचं?

खड्डा रोज स्वच्छ. मुलं कमी झाली. कवडू येतो. म्हणतो, भेवून घरी बसलो तर लेकीले काय शिकवीन.

३० नोव्हेंबर

आज त्या बोलल्या. उच्चार अगदी स्पष्ट होता. "हेमेंद्र, कम अप."

"येस सर," तो म्हणाला. थोड्या वेळाने, धापा टाकत, "क्लिअरिंग, सर."

आणि फडकं लोखंडावर घासल्याचा आवाज. घासतोय, घासतोय. मधेच खोकला.

अनुसयाबाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, साफ करतोय म्हणतो. त्यांचा चेहरा उजळला. "घरीबी असाच होता. सांगाची देर, का झाडू घेऊन उभा." आणि हसल्या. हसताना डोळ्यांतून पाणी.

मी बाहेर आले. तो बाहेर आलेलाच नाही. अजून खाली आहे. अजून काम करतो आहे.

३ डिसेंबर

कवडू खड्ड्यात पडला.

दाराशी उभी मुलं सांगतात, खड्ड्यातून हाक आली, मदतीला ये. इंग्रजीत. त्याला ती समजली, याचाच त्याला आनंद झाला असावा. शब्दन् शब्द परत म्हणून तो उतरला. मला हँडसेटवर फक्त त्याचाच आवाज आला, सराव समजून मी शाब्बास म्हणाले. शाब्बास म्हणाले मी.

सरांनी आणि मुलांनी दोराने ओढून काढला. ओठ निळे. गोंदियाला नेलाय, जिवंत आहे, डोळे उघडत नाही. सर म्हणतात, बंद खड्ड्यात भुसा कुजून हवा मरते, तसं झालं असेल. पण खड्ड्यात भुसा कुठे होता? लख्ख होता.

वर्ग बंद. मिलला कुलूप.

४ डिसेंबर

परत जायला बॅग भरली. अनुसयाबाई म्हणाल्या, दोन दिवस राहा. मला त्यांना तसं टाकून जाववत नाही.

एक हँडसेट सापडत नव्हता. त्यांच्या उशाखाली आहे. मोटर नाही, मिल बंद, तरी तो बोलतो. भर दुपारी, अंगणात धान वाळत असताना, मी ऐकलं. आता तो येस सर म्हणत नाही.

"कम डाऊन," म्हणतो. "कम डाऊन. कम डाऊन."

आणि त्या मान हलवत, लाडाने, "येस सर."

५ डिसेंबर

अनुसयाबाईंना अर्थ सांगितला. खाली ये म्हणतो, जाऊ नका, कवडूचं काय झालं पाहिलं ना. सगळं सांगितलं, फडकं, बादली, तो चुकीचा शब्द, सगळं. सर सांगू शकले नाहीत ते मी सांगितलं.

रडल्या नाहीत. अंगणात वाळत्या धानात पाय फिरवून ते उलटंपालटं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याले कोनी बलावलंच नाई. येकला ठेवला."

हँडसेट काढून घेतला. दिला त्यांनी, गुपचूप.

केशोरावांना रात्रभर जागं राहायला सांगितलं आहे.

६ डिसेंबर, सकाळ

रात्र नीट गेली. केशोराव उजाडल्यावर जरा लवंडले. तेवढ्यात —

अनुसयाबाई घरात नाहीत. तळ्यावर नाहीत. मिलचं कुलूप तोडलेलं. खड्ड्याच्या काठावर त्यांच्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या.

आत अंधार. तळ दिसत नाही. बॅटरी मारली तरी दिसत नाही. एवढा खोल नव्हता.

केशोराव कमरेला दोर बांधून उतरले. थांबा म्हटलं, सर येताहेत, माणसं येताहेत. "माजी बायको होय ते," म्हणाले.

दोर मी खांबाला गुंडाळून धरला आहे. एका हाताने लिहिते. हात रिकामा राहिला तर मी ओरडेन.

दोर ताणलेला होता. आता सैल.

काल काढून घेतलेल्या हँडसेटवर हुकूम दिले. कम अप. कम आऊट. लीव्ह द प्लेस. येतील ते सगळे शब्द. कोणी येस सर म्हणत नाही. कोणी काही म्हणत नाही.

थांब. खालून —

बोलताहेत. तिघं. हँडसेटमध्ये नाही, खड्ड्यातून, सरळ.

तो मराठीत बोलतो आहे. हेमेंद्र. इथल्या बोलीत, भरभर, किती दिवसांचं साठलेलं. त्याची आई हसते आहे. बाप काही विचारतो, तो सांगतो. जहाजाचं सांगतो. समुद्र कसा असतो ते सांगतो. खोकला नाही. धाप नाही. असं हसणं या घरात मी एकदाही —

सर अजून आले नाहीत.

दोर हलतो आहे. ओढ नाही, नुसता हलतो. कोणी खालून हात लावल्यासारखा.

माझं नाव घेतलं. त्यांनी नाही. त्याने. मंजूबाई, म्हणतो. येकट्या काऊन उभ्या राहिल्या वरत —

उत्तर द्यायचं नाही. कुठल्याच भाषेत —

हवा चांगली आहे म्हणतो खाली. जागा आहे म्हणतो. आणि तिथे आणखी एक बाई कधीची बसली आहे, म्हणतो, नागपूरची, ताट वाढून, तुमची वाट —

आई, तू तिथे कशी —