चालते म्हणालो

मंगळवार, संध्याकाळ. खामगाव.

उद्या रशीदभाईच्या गळ्याचं ऑपरेशन. आवाज राहील की जाईल, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. म्हणून आजच बोलावून घेतला. राजे-रजवाड्यांच्या काळातल्या त्या चिनी कुंग-फूच्या विनोदी सिनेमाला आम्ही दोघं वऱ्हाडी आवाज देतोय. म्हातारा गुरू म्हणजे रशीदभाई. त्याचा शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता.

पडद्यावरचे ओठ मिटले की आपलेही मिटले पाहिजेत. हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मीच बसवलं. त्यापायी एकेक वाक्य किती वेळा म्हणवून घेतो त्याच्याकडून! "त्या चिनी बुढ्याले वऱ्हाडी येते काय बे?" असं चिडवतो तो.

आज गुरू झाडाला उलटा टांगलेला, शिष्यावर खेकसतो. "काऊन पाहून राह्यला बे? दोर सोड!" रशीदभाईचा आवाज मध्येच फाटला. गुरूचे ओठ मिटले तरी याचं वाक्य चालूच.

"झकास," मी म्हणालो.

त्यानं हेडफोन काढला. "ओठ कुठी जुळले? पुन्हा घे."

"राहू दे, चालते."

"तुले चालते?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मंग डॉक्टरनं तुले खरं सांगितलं वाटते."

डॉक्टर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मग हे त्याला सांगायला माझं तोंड का उघडलं नाही?